टाळेबंदीत आमच्या घरी : निवृत्त मंडळी आणि त्यांची मुलंबाळं, सांगा आपापलं

१९ मार्च २०२०च्या भाषणात पंतप्रधानांनी साठी-पासष्टीच्या पुढच्यांना काही आठवडे घराबाहेर पडू नका असं सांगितलं. सांगितलं त्यांनी, अंमलबजावणी केली आमच्या मुलांनी. करोनाच्या आजाराबद्दल भरपूर लिहून झालंय. मला ऐकायचंय ते वेगळं. ज्यांना आपण ‘दिवे लागायच्या आत घरी ये’ म्हणत वाढवलं, तीच मुलं आपल्याला दारातून आत ढकलायला लागली, तेव्हा तुमच्याकडे काय काय झालं? आजी-आजोबांनी लिहा, मुलांनी, सुनांनी, जावयांनीही लिहा. चिंतन नको, घरातलं लिहा. सुरुवात मी करते.

कोथरूड, पुणे

मी शाळेतून निवृत्त, हे पोस्टातून. मुलगा-सून बाणेरला. पहिल्याच आठवड्यात त्याचं फर्मान आलं. किराणा तो मागवणार, भाजीचा टेम्पो सोसायटीच्या गेटवर येणार, आणि पिशवी वर आणून द्यायला वॉचमन. बाबांनी खाली उतरायचं नाही. आता ह्यांच्यासाठी भाजी आणणं हे काम कधीच नव्हतं, ती करमणूक होती. चार गाड्यांवर भाव विचारायचे, एकीकडे घ्यायचं, दुसऱ्याला ‘उद्या येतो’ म्हणायचं. ते सगळं गेलं आणि हाती आली मिठाच्या पाण्यात भाज्या बुडवायची बादली. दुधाच्या पिशव्या साबणाने धुऊन ओट्यावर ओळीने वाळत ठेवलेल्या असायच्या. नोटांवरून इस्त्री फिरायची.

भांडीवाल्या मावशींना सोसायटीने बंदी केली. पगार आम्ही चालू ठेवला, भांडी ह्यांनी घेतली. ती त्यांनी पोस्टाच्या शिस्तीत घासली. आधी सॉर्टिंग, मग ताटं, वाट्या, चमचे वेगवेगळे, आणि उशिरा आलेला चहाचा कप ‘पुढच्या डाकेने’. मी हसायचे, पण इतकी लख्ख भांडी माझ्या घरात त्याआधी कधी निघाली नव्हती.

एप्रिलमध्ये मात्र ते गप्प गप्प झाले. मुलगा रोज फोनवर विचारायचा, ‘बाबा घाबरलेत का गं?’ घाबरले नव्हते. केंद्राने महागाई भत्ता १७ टक्क्यांवर गोठवला होता आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर ८.६ वरून ७.४ वर आणला होता. ते वहीत आकडेमोड करत बसायचे. (जुलै २०२१ मध्ये भत्ता एकदम २८ टक्के झाला. मधल्या दीड वर्षाची थकबाकी काही मिळाली नाही. हा विषय आमच्याकडे अजून जेवताना काढत नाहीत.)

डोंबिवली

निवृत्त झालो तरी मी आठवड्यातून दोनदा लोकलने व्हीटीला जात होतो. काम काहीच नसायचं. २२ मार्चच्या रात्रीपासून लोकल थांबली आणि मला पहिल्यांदा कळलं की आमच्या गॅलरीतून रुळांचा आवाज येत होता. पेपर बंद, म्हणजे शब्दकोडं बंद. गच्चीवर फेऱ्या मारायचो तर कमिटीने गच्चीला कुलूप घातलं. मग हॉल ते स्वयंपाकघर. बायको म्हणाली, ‘अहो, फेऱ्या मारताय तर येताना एकेक वस्तू घेऊन या.’ त्यात माझा व्यायाम झाला आणि तिचा स्वयंपाक.

ठाणे, सून

मी उलट बाजूने लिहिते. टू बीएचके, आम्ही दोघं घरून काम करणारे, मुलगा तिसरीत, सासू-सासरे. पाच माणसं आणि दारं बंद करता येतील अशा खोल्या दोन. एकीत नवऱ्याच्या मीटिंगा, दुसरीत माझ्या. शाळा भरायची डायनिंग टेबलवर, आणि शाळेशेजारी बाबा.

बाबा निवृत्त तहसीलदार. नातवाच्या ऑनलाइन वर्गात ते मागे खुर्ची टाकून बसायचे. बाईंनी विचारलं, ‘महाराष्ट्राची राजधानी कोणती?’ मुलं आठवतायत तोवर मागून खणखणीत आवाज, ‘मुंबई. उपराजधानी नागपूर.’ बाई म्हणाल्या, ‘कोणाचे तरी आजोबा उत्तर देतायत, त्यांना म्यूट करा.’ बाबांना म्यूट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. लेकाने मोठ्या आनंदाने समजावलं. पुढे घरात कोणी जास्त बोललं की तो म्हणायचा, ‘आजोबा म्यूट.’ मला बाबांची भीती वाटत होती, त्यांना काही वाटलं नाही. त्यांनी तो शब्द उचलून सासूबाईंवर वापरला, तेव्हा मात्र वातावरण तापलं.

सासूबाईंची वेगळीच अडचण. मालिकांचं चित्रीकरण बंद, जुने भाग पुन्हा लागायचे. मग २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. सकाळी नऊला माझी रोजची टीम मीटिंग. माझ्या बंगलोरच्या मॅनेजरने पार्श्वसंगीत ओळखलं आणि विचारलं, ‘आज कुठपर्यंत आलंय?’

खरं सांगायचं तर त्या महिन्यांत मी दमले. सगळे घरी म्हणजे चार वेळा चहा, दोन वेळा ताटं, आणि ‘घरीच तर आहेस’ हे वाक्य. आईंनी ते ओळखलं. बोलल्या काही नाहीत. रात्रीच्या पोळ्यांचं पीठ संध्याकाळी मळून ठेवायला लागल्या, आणि बाबांच्या हातात लाटणं दिलं.

सध्या नाशिक, तेव्हा न्यू जर्सी

आमची टाळेबंदी सातासमुद्रापार झाली. मुलीच्या बाळंतपणासाठी गेलो होतो. एप्रिलची परतीची तिकिटं होती, आणि मार्चच्या शेवटी भारतात येणारी आंतरराष्ट्रीय विमानंच बंद झाली.

नातवाबरोबर जास्त दिवस मिळाले याचा आनंद होताच. पण पाहुण्यांच्या व्हिसावर गेलेल्या माणसाला तिथे राहायची तारीख ठरवून दिलेली असते. ती उलटायच्या आत मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो, फॉर्म आय-५३९. फी तेव्हा ३७० डॉलर होती, बोटांच्या ठशांचे वेगळे. रुपयांत गुणाकार करू नका असं जावयांनी बजावलं होतं. मी केलाच. निकाल यायला महिनोन् महिने लागतात, पण अर्ज वेळेत पोचला असेल तर तोवर राहणं बेकायदा ठरत नाही, एवढा दिलासा.

त्याहून मोठी काळजी गोळ्यांची. यांच्या रक्तदाबाच्या आणि माझ्या थायरॉईडच्या गोळ्या मोजून नेल्या होत्या. तिथे चिठ्ठीशिवाय काही मिळत नाही, आणि इथली चिठ्ठी तिथे चालत नाही. शेवटी व्हिडिओवरून तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, ‘ही गोळी कोणत्या कंपनीची?’ यांनी रिकामी पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली, ती उलटी. प्रवासाचा विमा वाढवून घेतला, पण जुनी दुखणी त्यात धरत नाहीत हे बारीक अक्षरांत होतं. जाणाऱ्यांनी ते आधी वाचा.

मुलीच्या घरी राहणं आणि अडकून राहणं यात फरक असतो. पहिल्यात आपण पाहुणे असतो. दुसऱ्यात फ्रिजमध्ये आपला डबा कोणता हे ठरवावं लागतं. जावई अतिशय चांगले, तरी हे दुपारी बेसमेंटमध्ये जाऊन बसायचे, ‘त्यांना त्यांचं घर मिळू दे’ म्हणून. मे महिन्यात ‘वंदे भारत’ची विमानं सुरू झाली. वकिलातीकडे नाव नोंदवायचं आणि फोनची वाट बघायची. जूनमध्ये नंबर लागला. मुंबईत उतरल्यावर आधी स्वतःच्या खर्चाने हॉटेलात विलगीकरण, मग घर. हॉटेलात दारासमोरच्या स्टुलावर जेवण ठेवून बेल वाजवत. त्यात वरण-भात होता. मी यांच्याकडे बघितलं, तर यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, ‘तिखट आहे.’ नव्हतं.

दापोली तालुका

मी एसटीतून निवृत्त कंडक्टर. दोन मुलगे मुंबईला, एक काळाचौकीला, एक नालासोपाऱ्याला. मे महिन्यात धाकटा बायको-मुलासह ई-पास काढून गावी आला. गावाने ग्राम कृती दल केलेलं. त्यांनी तिघांना जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं. घर शाळेपासून दिसतं. त्याच शाळेत तो चौथीपर्यंत शिकला.

मंडळी रोज दोन वेळचा डबा घेऊन जायची आणि गडग्यावर ठेवून मागे सरायची. नातू पलीकडून ओरडायचा, ‘आजी, फणस पिकला काय?’ गावातली काही माणसं आमच्याशीही बोलेनाशी झाली. मुंबईकर म्हणजे जणू पाप. गणपतीला याच चाकरमान्यांच्या वर्गणीवर मंडप उभा राहतो, हे मी तेव्हा बोलून दाखवलं. अजून काहींना राग आहे. असूं दे.

ती शाळेतून घरी येतात न येतात तोच ३ जूनला निसर्ग वादळ. सकाळपासून वारा चढत गेला. घराची कौलं उडाली. माझ्या आज्याने लावलेला रायवळ आंबा आडवा, पोफळी माना मोडून पडल्या, नारळ गेले. रस्ते झाडांनी बंद, वीज गेली ती कितीतरी दिवस नाही. मोबाईल मेले. थोरला मुंबईत रात्रंदिवस फोन लावत होता, इकडे काहीच नाही. करोना, मास्क, अंतर, सगळं त्या आठवड्यात कोणाच्या लक्षात राहिलं नाही. जो आमच्याशी बोलत नव्हता तो शेजारी कोयता घेऊन आला आणि धाकट्याबरोबर पाखाडीवरचं झाड तोडायला लागला. कौलं शाकारायला मुंबईकराचे हात चालले.

गणपतीला थोरलाही आला. मूर्ती दोन फुटांच्या आत ठेवायचा नियम होता, आमची नेहमीच तेवढी असते. धाकटा परत गेला नाही. कंपनीच बंद पडली. आता इथे काजूचं करतो.

नागपूरची, राहते बंगळुरूत

हसत लिहिता येणार नाही, तरी लिहिते.

एप्रिल २०२१. आई-बाबा दोघंही पॉझिटिव्ह, मी इथे, भाऊ कॅनडात. ठरलं असं की बाबा दिवसातून चार वेळा दोघांचं ऑक्सिजन व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतील. बाबा महालेखापाल कार्यालयातून निवृत्त, त्यांचे मेसेज तक्त्यासारखे यायचे. वेळ, आई, मी. ‘सकाळी ८. आई ९६, मी ९६.’ आम्ही निर्धास्त. मग एका संध्याकाळी आईचा फोन आला. ह्यांना वाक्य पूर्ण करता येत नाहीये, म्हणाली. नंतर कळलं की मशीन ते आईच्याच बोटाला लावून दोन्हीकडे तोच आकडा लिहायचे. नागपुरात तेव्हा खाटा मिळत नाहीत हे ते रोज पेपरात वाचत होते.

खाट मिळाली. कुठे आणि कशी ते लिहीत नाही. ते परत आले नाहीत. अंत्यविधी पालिकेच्या माणसांनी केला. आई घरात विलगीकरणात, एकटी. वरच्या मजल्यावरच्या काकू दाराशी डबा ठेवून, जिन्यात उभ्या राहून, आई दार उघडेपर्यंत थांबायच्या. मी पोचले तेव्हा आईने पहिलं काय विचारलं? ‘पेन्शनच्या कागदांची फाईल कुठे आहे तुला माहितीये का?’ तिला बँकेतलं काही ठाऊक नव्हतं. फाईल उघडली तर वरच बाबांच्या अक्षरात यादी. पीपीओवर (म्हणजे पेन्शनच्या आदेशावर) आईचं नाव आहे, खातं दोघांचं आहे, मृत्यूचा दाखला किती प्रती घ्यावा, सगळं. तारीख २०२०च्या एप्रिलची. म्हणजे वर्षभर ती यादी कपाटात होती आणि ते आम्हाला रोज सकाळी विनोद पाठवत होते.

आई आता एटीएम वापरते. हयातीचा दाखला फोनवरून चेहरा दाखवून देते. बंगळुरूला ये म्हटलं की म्हणते, बघू.

दादर

लशीचं कोणीच लिहिलं नाही म्हणून. १ मार्च २०२१ला साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. त्या आठवड्यात आमच्या कट्ट्यावर (म्हणजे तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर) कोणाला कुठली मिळाली हे मुलीचं स्थळ सांगावं तसं सांगत होते. कोविनवर नोंद नातीने केली. ओटीपी माझ्या फोनवर यायचा, फोन उशीखाली, चष्मा बाथरूममध्ये, तोवर स्लॉट गेला. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मग सहा ते आठ, मग बारा ते सोळा. सौ. म्हणाली, तुमच्या पगारवाढीसारखं चाललंय, जवळ गेलं की लांब. सुई टोचून घेतल्यावर केंद्रात अर्धा तास बसवून ठेवायचे. वर्षभरात पहिल्यांदा ओळखीपाळखीची एवढी माणसं एका जागी दिसली. कोणी उठायला तयार नाही. नर्स येऊन ‘आजोबा, झाला अर्धा तास’ म्हणायची.

सांगली

माझी निवृत्ती ३१ मार्च २०२०. तारीख बघा. बँकेत आम्ही अत्यावश्यक सेवेत, त्यामुळे शेवटच्या दिवशीही काउंटरवर होतो, समोर दोरी बांधलेली. संध्याकाळी मॅनेजरसाहेब लांबूनच नमस्कार करून म्हणाले, ‘सगळं निवळलं की निरोप समारंभ करू.’ चाव्या दिल्या, सॅनिटायझर लावलं, घरी आलो.

लोक निवृत्तीनंतर सहलीला जातात. मी आणि सौ. समोरासमोर बसलो, ते बसलोच. तिच्या स्वयंपाकघरात मी डब्यांना लेबलं लावली. तिने काढून टाकली. मी दुधाचा हिशोब लिहायला घेतला, तिने वही लपवली. दिवाळीपर्यंत आमचे कामाचे तास ठरले. दुपारी एक ते चार मी आतल्या खोलीत, ती बाहेर, आणि दोघांनी एकमेकांना हाक मारायची नाही. मुलगा पुण्याहून फोन करायचा त्यालाही ती वेळ माहीत होती.

समारंभ झाला २०२१च्या डिसेंबरात. शाल, श्रीफळ, मास्क लावून फोटो. निम्मा स्टाफ बदललेला. नवे मॅनेजर भाषणात म्हणाले, ‘आता साहेबांनी वहिनींना भरपूर वेळ द्यावा.’ पहिल्या रांगेतून सौ. मोठ्याने म्हणाली, ‘अजून?’