उधारीची लाल वही

आजीचं दुकान म्हटलं की कुणाला गोळ्यांच्या बरण्या आठवतात. मला आठवते ती लाल कापडी बांधणीची उधारीची वही.

आमच्या आजीचं दुकान इंदूरला परदेशीपुऱ्यात, गिरणी कामगारांच्या वस्तीत. घरात अगदी पुणेरी मराठी, पण गल्ल्यावर बसली की तिची हिंदी ऐकावी! "भिया, पिछला हिसाब करो, फिर तेल मिलेंगा." गिऱ्हाईक हसायचं आणि हिसाब करायचं. (बहुतेकदा.) शेवेची पुडी बांधून दोरा दातांनी तोडायची, मग चिमूटभर लौंगी शेव आमच्या तळहातावर. तिखटानं नाक वाहायचं, तरी हात पुढेच.

अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चालते देखावे, निघत. त्या रात्री दुकान लवकर बंद, आणि आम्ही तिचा पदर धरून गर्दीत.

1990च्या दशकात गिरण्या बंद पडत गेल्या. वहीतली नावं तशीच राहिली. वसुलीला ती कुणाच्या दारात गेली नाही, उलट पीठ देतच राहिली. आजोबा जाम चिडायचे.

वही आता माझ्याकडे आहे. अजून हिंगाचा वास येतो तिला.