मदत हवी आहे: ७२ च्या सी-१० ला किती हॉर्सपॉवर पुरेल?

नमस्कार मंडळी. मी ह्यूस्टनजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी १९७२ ची शेव्हरोले सी-१० पिकअप घेतली, छोट्या बेडची (मागचा माल ठेवायचा हौदा). चार इंच खाली बसवली, रंग झाला, आता गाडं इंजिनावर अडलंय.

सध्या जुनं ३५० घन इंचांचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन, तीन गिअरचं ऑटोमॅटिक, मागच्या अ‍ॅक्सलला ३.७३ चा गिअर रेशो आणि २८ इंची टायर. हायवेला ताशी ७० मैलांवर काटा ३१०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पुढे जातो आणि शेजारी बसलेल्या बायकोशी ओरडून बोलावं लागतं. (तिला वाटतं मी भांडतोय.)

पर्याय दोन. भंगारातल्या गाडीचं ५.३ लिटर व्होर्टेक इंजिन, २८५ ते २९५ हॉर्सपॉवर, किंवा नवंकोरं एलएस३ इंजिन, ४३० हॉर्सपॉवरचं. मित्र म्हणतो, घ्यायचंच तर मोठं घे. पण मागे वजनच नाही हो! पावसात सिग्नल सुटला की आत्ताच मागची चाकं जागच्या जागी फिरतात. शिवाय मागे ड्रम ब्रेक. ४३० घेतलं की ब्रेक, अ‍ॅक्सल, रेडिएटर, सगळंच आलं.

वापर म्हणाल तर रविवारची चक्कर आणि कधीतरी प्लायवूड आणणं. रेसबिस नाही.

कुणी हे केलंय का? ५.३ ला कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलून ३५० हॉर्सपॉवरपर्यंत नेलं तर रस्त्यावर पुरेल? की इंजिन राहू दे, आधी ०.७० ओव्हरड्राइव्हचा (वरच्या गिअरला इंजिन कमी फिरतं) चार गिअरचा बॉक्स टाकू? हिशोबाने ७० ला २२०० आरपीएम येतात.