परराज्यांतील सहकाऱ्यांशी कार्यालयीन संवाद कसा सुधारावा?

प्रश्न (आस्थापना विभाग, अभिमत विद्यापीठ, सांगली जिल्हा)

आमच्या विद्यापीठात केरळ, तमिळनाडू, तेलंगण आणि मणिपूर येथील बरेच प्राध्यापक रुजू झाले आहेत, तर कार्यालयातील लिपिक आणि अधीक्षक बहुतेक मिरज, तासगाव, जत या भागांतले आहेत. भाषेची अडचण मला दुय्यम वाटते, कारण कामापुरते इंग्रजी आणि हिंदी दोन्ही बाजूंना येते. खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे एखाद्या प्रस्तावावरची हरकत आधी चहाच्या वेळी बोलून घेतली जाते आणि बैठकीत केवळ शिक्कामोर्तब होते, ही रीत नव्या सहकाऱ्यांना कोणी सांगितलेली नसते. ते भर बैठकीत हरकत घेतात, तेव्हा आपल्या माणसांना तो अपमान वाटतो. त्यांना मात्र आपल्याला वगळून निर्णय आधीच झाला होता असे वाटते. प्रशासनाने एक दिवसाची कार्यशाळा सुचवली आहे. तिच्यापलीकडे काय करता येईल?

निवृत्त कार्यालय अधीक्षक, सातारा

कार्यशाळा जरूर घ्यावी, परंतु तिच्यावर विसंबू नये. आपण सांगितलेली रीत नव्या माणसाला शिकवण्यापेक्षा ती बदलणे मला अधिक न्याय्य वाटते, कारण चहाला कोणाला बोलावले जाते हे गाव, ओळख आणि ज्येष्ठता यांवर ठरते आणि बाहेरून आलेला माणूस या तिन्हींत मागे पडतो. कार्यक्रमपत्रिका मराठी आणि इंग्रजीत काही दिवस आधी द्यावी, हरकती लेखी मागवाव्यात आणि इतिवृत्तात निर्णयाबरोबर त्याची कारणेही नोंदवावीत. चर्चा तासभर मराठीत चालते आणि इतिवृत्तात इंग्रजीच्या दोन ओळी उतरतात, तेव्हा अविश्वासाला तेवढे कारण पुरते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामेही वाटून घेत. कर्मचाऱ्यांमध्ये पदांची उतरंड असल्यामुळे हे तितके सहज घडणार नाही, हे मी जाणतो. तरीही परीक्षेची किंवा नॅक मूल्यांकनाची कामे स्थानिक आणि परप्रांतीय सहकाऱ्यांच्या जोड्या लावून दिली, तर एकमेकांच्या कामाच्या पद्धती दोघांनाही रोज पाहायला मिळतील.

शुश्रूषा महाविद्यालयातील अध्यापिका, मिरज

मी मूळची केरळची असून नोकरीनिमित्त मिरजेत स्थायिक झाले आहे. येथील मोठ्या आवाजातील बोलणे म्हणजे राग नव्हे, आणि घरी कोण कोण असते ही चौकशी आपुलकीने केलेली असते, हे सुरुवातीला कोणी सांगितले असते तर मला पुष्कळ सोपे गेले असते. प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्या सत्रापुरता एक अनुभवी सोबती नेमून द्यावा. तो वरिष्ठ नसावा, कारण वरिष्ठाला लहानसहान शंका विचारता येत नाहीत. सुट्ट्यांची यादी ठरवताना ओणमचाही ऐच्छिक सुट्टी म्हणून विचार व्हावा.

वेतन विभागातील लिपिक, सांगली

मी जत तालुक्यातला, घरी कन्नड बोलणारा आहे. एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे आपले अर्ज. आडनाव, स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव असे तीन रकाने आपण गृहीत धरतो. अनेक तमिळ सहकाऱ्यांना आडनावच नसते. नावाआधीचे आद्याक्षर वडिलांच्या नावाचे असते. मग कोणीतरी वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात भरतो, पुढे सगळी पत्रे त्याच नावाने जातात आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातील नाव आधारशी जुळत नाही. मणिपुरी मैतेई लोकांत कुळाचे नाव आधी लिहिण्याची पद्धत आहे, तेथेही असाच घोळ होतो. आधारवरील पूर्ण नावासाठी एकच रकाना ठेवावा आणि त्याखाली ‘आपल्याला कोणत्या नावाने संबोधावे’ असे विचारावे. ज्याचे नावच आपण चुकीचे लिहितो, त्याला आपल्या कार्यालयाविषयी विश्वास वाटावा तरी कसा?

प्रश्नकर्ता

नावाचा रकाना बदलण्याचा प्रस्ताव मी याच आठवड्यात कुलसचिवांकडे देतो. दोन भाषांतील इतिवृत्त मात्र कोणी लिहावे? आमच्याकडे अनुवादकाचे पद नाही.

निवृत्त कार्यालय अधीक्षक, सातारा

त्यासाठी वेगळ्या पदाची गरज नाही. बैठकीला उपस्थित असलेल्या एका मराठी आणि एका अन्य भाषक सदस्याने त्याच दिवशी एकत्र बसून मसुदा करावा आणि अध्यक्षांच्या स्वाक्षरीपूर्वी तो सर्व सदस्यांना दाखवावा.