४के सेन्सर ठीक, पण आयआर (इन्फ्रारेड) टॉर्चचं काय?

बंदुकीवरच्या डिजिटल नाइट व्हिजन स्कोपची (अंधारात बघायच्या दुर्बिणीची) तुलना करताना "४के सेन्सर म्हणजे रात्रीही चित्र सरस" असं मत मांडलं जातं. ते दिवसापुरतं मान्य. अंधारात मात्र तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर जास्त पिक्सेल म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कमी उजेड. शिवाय तुम्ही बघता आयपीसमधल्या (डोळा लावायच्या भिंगामागच्या) इवल्याशा डिस्प्लेवर, आणि तो बहुतेकदा ४के नसतोच! डिजिटल झूम दुप्पट केला की कामात पाव पिक्सेल उरतात, म्हणून आधी मूळ मॅग्निफिकेशन (झूम न करता भिंग चित्र किती मोठं दाखवतं ते) बघा.

या तुलनेत आयआर टॉर्च, म्हणजे स्कोपसाठी इन्फ्रारेड उजेड टाकणारा दिवा, राहूनच गेला. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या टॉर्चचा पल्ला मोठा, पण समोरून लालसर ठिपका दिसतो आणि सावध जनावर तो हेरतं. ९४० चा दिसत नाही, मात्र तिथे सिलिकॉन सेन्सरची संवेदनशीलता बरीच घसरते, त्यामुळे पल्लाही घटतो. चित्र पांढरंफटक पडलं तर सेटिंग चाळत बसू नका. बहुधा जवळचं गवत किंवा बंदुकीच्या नळीचं टोक आयआर परतवत असतं. झोत अरुंद करा, टॉर्च नळीपासून जरा वर बसवा. आणि काळोख पडल्यावर ऑब्जेक्टिव्हचा (पुढच्या भिंगाचा) फोकस पुन्हा लावा. इन्फ्रारेडमध्ये तो सरकतो. चित्र धूसर दिसतंय म्हणून झिरो (नेम आणि गोळी एकाच जागी पडावी म्हणून केलेली जुळणी) बिघडला असं नाही.