मदत हवी आहे: आमवात आणि आईची उडालेली झोप

निशिगंध (धागाकर्ती)

आईचं वय ५८. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, ६ वर्षांपासून. चालू औषधं: मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ आठवड्यातून एकदा, दर रविवारी. फॉलिक अ‍ॅसिड ५ मिग्रॅ सोमवारी. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन २०० मिग्रॅ रोज. प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅ सकाळी आणि ५ मिग्रॅ रात्री जेवणानंतर. मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड, लागेल तसं. गेले दोन महिने रात्री झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.२५ मिग्रॅ.

झोपेचं असं आहे: ९ वाजता अंथरुणाला पाठ टेकते, डोळा लागायला साडेअकरा. त्याआधी पोटऱ्यांत वळवळतं, पाय सारखे हलवावेसे वाटतात. सव्वादोनच्या सुमारास हाताला मुंग्या येऊन जाग येते. पुन्हा जेमतेम झोप लागते तोवर ४ वाजता सांधे ठणकायला लागतात. साडेसहाला उठते, त्यानंतर दीड तास बोटं आखडलेली. दुपारी २ ते ४ झोपते. चहा दिवसातून चार वेळा, शेवटचा संध्याकाळी ७ ला. सगळी मिळून रात्रीची झोप ५ तास होत असेल.

अल्प्राझोलाम वाढवून मागावं का? शेजारच्या काकू अश्वगंधा आणि गुळवेल द्या म्हणतात. द्यावं का?

कडुनिंब

तुम्ही वेळा लिहिल्यात ते फार बरं केलंत, कारण उत्तर त्या वेळांमध्येच आहे. आईंना एक निद्रानाश नाहीये, चार वेगळ्या गोष्टी एकाच रात्रीत आल्यात. झोपेची गोळी वाढवून त्यातली एकही सुटणार नाही.

आधी पहाटेचं. दाह वाढवणारी द्रव्यं शरीरात उत्तररात्री आणि पहाटे चढतात, म्हणून आमवात ४ वाजता उठवतो आणि सकाळी बोटं वळत नाहीत. दीड तासाचा आखडलेपणा म्हणजे आजार अजून आटोक्यात नाही. हे झोपेचं नाही, सांधेवाताच्या डॉक्टरांचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचं काम आहे. ईएसआर आणि सीआरपी (दाह किती आहे ते दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) करून घ्या, पुढच्या भेटीची वाट न पाहता दाखवा आणि ‘झोप लागत नाही’ एवढंच न सांगता ‘४ वाजता दुखून जाग येते, दीड तास आखडतं’ असं सांगा. पहिल्या वाक्यावर झोपेची गोळी मिळते, दुसऱ्यावर आमवाताच्या औषधांचा विचार होतो.

रात्रीचं प्रेडनिसोलोन हे दुसरं. स्टेरॉइड जागं ठेवतं. दिवसाचा पूर्ण डोस सकाळी नाश्त्यानंतर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, बहुतेकदा चालतो. पण स्वतःहून रात्रीची गोळी बंद करू नका. इतक्या दिवसांच्या स्टेरॉइडनंतर शरीरात तयार होणारं स्वतःचं स्टेरॉइड, कॉर्टिसॉल, मंदावलेलं असतं. गोळी अचानक थांबली तर रक्तदाब उतरणं, उलट्या, गळून जाणं, इथपर्यंत जाऊ शकतं.

आणि पहाटेच्या दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दुकानातून आणून देऊ नका. मेथोट्रेक्सेट आणि स्टेरॉइडच्या जोडीला ते मूत्रपिंड आणि जठर दोन्हींवर येतं. द्यायचंच असेल तर डॉक्टर मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिअ‍ॅटिनिन बघून देतील.

चांदणवेल

सव्वादोनच्या मुंग्यांबद्दल. कोणत्या बोटांत येतात ते नीट विचारा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, आणि हात झटकल्यावर बरं वाटतं, असं असेल तर कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दाबली जाण्याचा त्रास, असण्याची शक्यता मोठी. आमवातात मनगटाच्या आवरणाला सूज येऊन तिथली नस दाबली जाते, आणि झोपेत मनगट मुडपलं की दाब वाढतो.

यावर रात्री मनगटाचा स्प्लिंट, म्हणजे मनगट स्थिर ठेवणारा पट्टा, घालतात. तयार मिळणाऱ्या बऱ्याच स्प्लिंटमधली धातूची पट्टी वरच्या बाजूला २० ते ३० अंश वाकवलेली असते. तशीच घातली तर नसेवरचा दाब पुरेसा कमी होत नाही आणि लोक ‘काही उपयोग नाही’ म्हणून काढून ठेवतात. पट्टी स्प्लिंटच्या खिशातून बाहेर काढा, टेबलाच्या कडेवर दाबून जवळपास सरळ करा, परत घाला. मनगट हाताच्या रेषेत आलं पाहिजे. वेल्क्रो इतकाच घट्ट की खाली एक बोट सरकेल. बोटं मोकळी राहिली पाहिजेत. फरक दिसायला काही आठवडे द्यावे लागतात. अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग बसलेला दिसला किंवा हातातून वस्तू पडू लागल्या, तर थांबू नका, नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नस नीट काम करते का हे बघणारी तपासणी करून घ्या.

उशीचंही बघा. गुडघ्यांखाली जाड उशी घेतली की त्या वेळी आराम पडतो, पण रोज रात्रभर ठेवली तर गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडत जातो. त्याऐवजी कुशीवर वळून दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. मानेखाली एकच, फार उंच नको. आमवातात मानेच्या वरच्या मणक्यांनाही त्रास होऊ शकतो.

निशिगंध

खूप आभार! मुंग्या अंगठा आणि पहिल्या दोन बोटांतच येतात, आत्ताच विचारलं. पायांच्या वळवळीचं काय? हिमोग्लोबिन ११.८ आहे, डॉक्टर ठीक म्हणाले.

कडुनिंब

बसल्या-पडल्या वाढतं, चालल्यावर थांबतं आणि संध्याकाळनंतरच येतं, असं असेल तर ते रेस्टलेस लेग्ज, म्हणजे अस्वस्थ पायांचा विकार. इथे हिमोग्लोबिन पुरेसं नाही, लोहाचा साठा बघावा लागतो. फेरिटिन (साठवलेलं लोह) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहिलं जाणारं लोह) या दोन्ही रक्ततपासण्या करा. एकटं फेरिटिन आमवातात फसवतं, कारण दाह असला की ते वर जातं आणि साठा रिकामा असूनही आकडा चांगला दिसतो. या त्रासात फेरिटिन ७५ पर्यंत किंवा सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल तर लोह देण्याचा विचार करतात. लोहाची गोळी चहासोबत नको, मध्ये किमान एक तास जाऊ द्या, नाहीतर शोषलीच जात नाही.

दुसरं, मेटोक्लोप्रमाइड. हे औषध नेमकी ही वळवळ वाढवतं. त्याऐवजी दुसरं काही चालेल का विचारा. सर्दीसाठी झोप आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आणि अमिट्रिप्टिलिन यांनीही पाय बिघडतात, आणि गंमत म्हणजे या दोन्ही गोष्टी ‘झोप लागेल’ म्हणूनच दिल्या जातात.

अश्वगंधा आणि गुळवेल, दोन्ही नको. दोन्हींमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि मेथोट्रेक्सेटमुळे आईंचं यकृत आधीच देखरेखीखाली आहे. शिवाय गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते, इथे तर ती शांत करण्यासाठी औषध चालू आहे.

अल्प्राझोलाम वाढवू नका, एकदम तोडूही नका. तोडलं तर झोप आणखी बिघडते आणि घाबरल्यासारखं होतं. डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतील. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ झालेली असताना रात्री गुंगीत बाथरूमला उठणं हा मोठा धोका आहे. तोवर वाटेत मंद दिवा ठेवा आणि पायपुसणं उचलून ठेवा. त्या घोरत असतील, घोरताना श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, तर तेही सांगा. झोपेतला श्वासरोध असेल तर या गोळीने तो वाढू शकतो.

माजघर

वरचे प्रतिसाद पटले. राहिलं ते अंथरुणाचं गणित, कारण दुखणं कमी झालं तरी लागलेली सवय जात नाही. ९ ते साडेसहा म्हणजे साडेनऊ तास अंथरुणात आणि झोप ५ तास: ५ भागिले ९.५, जेमतेम ५३ टक्के. उरलेल्या वेळात मेंदू एवढंच शिकतो की पलंग म्हणजे जागं पडण्याची जागा.

उठायची वेळ आधी बांधा: सकाळी ६, रविवारीसुद्धा. मग झोपायची वेळ हळूहळू उशिरा करत न्या. पहिला आठवडा साडेदहा, दुसरा ११, तिसरा साडेअकरा. निरोगी माणसाला थेट कमी तासांवर आणतात, पण आमवातात थकव्याने दुखणं भडकू शकतं म्हणून असं बेताने. रोज सकाळी अंदाजाने लिहा: कधी पडल्या, कधी झोपल्या, किती वेळ जाग होती. रात्री घड्याळ बघू नये, ते उलटं फिरवून ठेवा. ११ ते ६ या ७ तासांत ६ तास झोप आली म्हणजे ८६ टक्के. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली की अंथरुणातला वेळ १५ मिनिटं वाढवा. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येईल, त्या काळात स्कूटर चालवू देऊ नका. फिट्स किंवा बायपोलरचा त्रास असेल तर हे स्वतःहून करू नये.

साधारण २० मिनिटं झोप आली नाही तर उठावं असं सांगतात. दुखऱ्या गुडघ्यांनी ते जमत नाही आणि तिथेच सगळे सोडून देतात. उपाय असा: पलंगाशेजारी हातांची उंच खुर्ची, त्यावर शाल. तेवढंही होत नसेल तर पाठीला तक्क्या लावून पलंगावरच बसा, काहीतरी ऐका, डोळे जड झाले की आडवं व्हा. पडून तळमळणं तेवढं नको.

दुपारची विश्रांती आईंना हवीच, पण दोन तास नको. ३ च्या आत, गजर लावून ३० मिनिटं. शेवटचा चहा दुपारी २ ला. सातच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री बारालाही अंगात असतं. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने १० मिनिटं अंघोळ: सांधे मोकळे होतात, आणि नंतर अंग निवू लागलं की झोप यायला मदत होते.

मन खचलंय असं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

चांदणवेल

एक राहिलं, आणि हे तातडीचं. झोप पुरी नसलेलं माणूस गोळ्यांत चुकतं. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं गेलं तर जीवावर बेततं. ती पट्टी आईंच्या डब्यात ठेवूच नका, तुमच्याकडे ठेवा आणि रविवारी तुम्ही स्वतः हातात द्या. तोंडात फोड, ताप किंवा अंगावर निळे डाग दिसले तर त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून डॉक्टरांना गाठा.