व्हीआर (आभासी वास्तव) सिम्युलेटरवरचा सराव बॅटरीच्या व्हीलचेअरसाठी खरोखर उपयोगी पडतो का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन आठ महिने झाले असून त्यांची डावी बाजू अजून साथ देत नाही. बॅटरीवर चालणारी खुर्ची घ्यायची ठरले आहे. मात्र डावीकडे त्यांचे लक्षच जात नाही, ताटातली त्या बाजूची भाजीसुद्धा तशीच राहते. खुर्ची घरी आणण्यापूर्वी सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावर आभासी खुर्ची चालवून, शिकवावे का?

उत्तर १ (व्यवसायोपचारतज्ज्ञ)
जॉयस्टिकवर (खुर्ची चालवण्याच्या दांडीवर) हात बसवण्यासाठी अवश्य शिकवावे, कारण तिथे चौकटीला धडकले तरी बोटे चेमटत नाहीत. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी तयार केलेला सिम्युलेटर तर साध्या संगणकाला जॉयस्टिक जोडून चालतो. डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटचा आग्रह धरू नये. डोळ्यांना हालचाल दिसते, पण कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, आणि त्यामुळे अनेकांना मळमळते. डावीकडील दुर्लक्षाची तपासणी मात्र आधी व्हावी. दाराच्या डाव्या चौकटीला लाल पट्टी लावून, ती दिसेपर्यंत मान वळवण्याची सवय आजपासूनच लावता येईल.

उत्तर २
मी बारा वर्षे अशी खुर्ची वापरतो. खुर्ची मागे घेऊन पुन्हा पुढे नेताना समोरची लहान चाके आधी गर्रकन उलटी फिरतात आणि खुर्ची एका अंगाला झटका देते. तो झटका पडद्यावर अंगाला कळत नाही. शिवाय आपल्याकडे सिमेंटचे रस्ते झाल्यापासून कित्येक घरांची फाटके रस्त्याच्या खाली गेली आहेत. 1:12 या प्रमाणाने सहा इंच चढायला सहा फुटांचा उतार लागतो, तेवढी जागा आहे का ते आधी पाहावे. (आमच्याकडे नव्हती, तुळशीवृंदावन हलवावे लागले, आणि आईने आठवडाभर अबोला धरला.)

प्रश्नकर्ती
आभारी आहे. न्हाणीघराचे दार आताच मोजले: 26 इंच. दुकानदाराने दाखवलेली खुर्ची 25 इंच रुंद आहे.

उत्तर १
मग ती खुर्ची घेऊ नये. एवढ्या फटीतून सरावलेला माणूसही कोपर घासून घेतो. अरुंद खुर्ची पाहावी किंवा दार रुंद करावे, आणि पहिले काही आठवडे वेग सर्वांत कमी ठेवून कुणीतरी त्यांच्या डाव्या बाजूने चालावे.