ओठांचे कोपरे चिरतात, भिरंडेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) लावून भागेल का?

प्रश्न: दोन्ही कोपरे लाल, जांभई दिली की चीर उकलते. कवळी वापरणाऱ्या आजींसाठी विचारते आहे.

प्रतिसाद १: आधी लाळेचा बंदोबस्त करा. ती कोपऱ्यात साचते, कातडी भिजून पांढुरकी होते आणि मग चिरते. जेवणानंतर साध्या पाण्याने पुसून टिपून घ्या, घासू नका. वर व्हॅसलीनचा पातळ थर. भिरंडेलही चालेल, पण बोटांवर पूर्ण वितळवून. कणी राहिली तर चिरेत बोचते. ओठ चाटणं मात्र बंद.

प्रतिसाद २: कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवा. कॅन्डिडा बुरशी बऱ्याचदा तिच्यावरच असते. मग डॉक्टर बहुधा १% क्लोट्रिमॅझोल हे बुरशीनाशक मलम दिवसातून २ वेळा लावायला देतात. आणि कवळी झिजली की ओठ मिटताना कोपरे दुमडतात. अशा वेळी मलम कितीही चोपडा, चीर परत येणारच. दंतवैद्याकडून कवळीची उंची तपासून घ्या.

प्रतिसाद ३: घरात पडलेली स्टिरॉइडची ट्यूब कृपा करून लावू नका. तोंडाभोवती बारीक पुरळ उठतं, ट्यूब सोडली की आणखी भडकतं. २ आठवड्यांत फरक नसेल तर हिमोग्लोबिन, बी१२ आणि साखर तपासा.